कीटो-आहार आणि दीड कोसाची फेरी

आमच्या घरांत पंगतीला बसून भाकरीला नको म्हणण्याची रीत कधींच नव्हती. मिरजगांव हें अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतलें, सोलापूरच्या रस्त्यावरचें गांव. येथें पाऊस बेताचा. भाकरी, पिठलें, चटणी व ताक हेंच मुख्य अन्न. त्यामुळें गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें ताटांतली भाकरी बाजूस सारून, "काकू नको, आई नको; आजपासून मला भाकरी कोणीच वाढूं नका," असें जाहीर केलें, तेव्हां वहिनींचा चेहरा उतरला. पुतण्याचें वय ४२, वजन ९१ किलो, आणि रक्तांतील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, मधुमेहानेंच गेले. तेव्हां तरुणपणाचें खूळ म्हणून हंसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आम्हीं त्याच्या या 'कीटो'-आहाराचा आपल्यापरी अभ्यास केला, आणि वर्षभर त्याच्या वजनाचें टिपणही ठेविलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हा आहार म्हणजे काय, तें पाहूं. आपल्या नित्याच्या जेवणांत पिष्टमय पदार्थ मुख्य असतात. त्यांची शरीरांत साखर होते व शरीर तीच आधीं वापरतें. हें पिष्ट दिवसाला सुमारें २० ते ५० ग्रॅमांवर आणून ठेविलें, म्हणजे कांहीं दिवसांत यकृत चरबीपासून 'कीटोन' नांवाचीं द्रव्यें पुष्कळ प्रमाणांत तयार करूं लागतें, आणि मेंदू व स्नायु आपलें बरेंचसें काम त्यांवर भागवितात. ५० ग्रॅम म्हणजे किती थोडें, हें गृहिणींस एका उदाहरणानें कळेल. ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरींत सुमारें ४० ग्रॅम पिष्ट असतें. म्हणजे एका भाकरींतच दिवसाचा हिशेब संपत आला! भात, पोळी, बटाटा, गूळ यांचें नांवच नको. साबुदाणा तर बहुतेक सारा पिष्टच. तेव्हां खिचडीच्या एकादशीनें हा आहार साधेल असें कोणीं समजूं नये. शाकाहारी घरांत मग उरतें काय? तूप, पनीर, खोबरें, तीळ, जवस, मोजके शेंगदाणे आणि पालेभाज्या. घरखर्च वाढतो तो निराळाच.

हा आहार मुळांत वजनासाठीं निघाला नव्हता. १९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनीं तो अपस्मारावर सुचविला, आणि औषधांस दाद न देणाऱ्या मुलांच्या अपस्मारांत तो आजही डॉक्टरांच्या देखरेखीखालीं देतात. पिष्ट व साखर सोडून बारीक होण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. लंडनमध्यें अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा विल्यम बँटिंग नांवाचा गृहस्थ होता. त्यानें १८६३ सालीं आपल्या स्थूलतेवर एक लहानसें पुस्तक छापलें. व्यायाम करावा असा सल्ला मिळाल्यावरून तो पहाटे नाव वल्हवूं लागला. अंगांत जोम आला. पण भूकही दांडगी लागली, ती भागवितां भागवितां वजन वाढलें, आणि अखेर वल्हीं खालीं ठेवावीं लागलीं. पुढें डॉ. विल्यम हार्वे यांनीं त्याचा पाव, साखर, बटाटे, दूध, लोणी व बियर बंद केली, तेव्हां सुमारें वर्षभरांत तो २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आला. दमछाकीचा व्यायाम जें पुढच्या दारानें घालवितो, तें भूक मागच्या दारानें परत आणते, हा बोध त्यांत आहे.

आमच्या पुतण्याचेंही असेंच झालें. पहिल्या दहा दिवसांत साडेतीन किलो उतरले, आणि त्यास आकाश ठेंगणें झालें. वास्तविक यांत चरबी थोडी व पाणी फार. शरीरांत साखरेचा जो राखीव सांठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी असतें. सांठा संपला कीं तें पाणी जातें. पण हें त्यास कोण सांगणार? "काका, नुसत्या आहारानें एवढें, तर धांवल्यावर किती उतरेल!" असें म्हणून तिसऱ्या आठवड्यांत तो सोलापूर रस्त्यानें धांवूं लागला. चौथ्याच दिवशीं घेरी येऊन मैलाच्या दगडाशीं बसला. एका दूधवाल्यानें मोटारसायकलवरून घरीं आणून सोडला. डॉक्टरांनीं कारण समजावून दिलें. या आहारांत इन्शुलिन उतरल्यामुळें मूत्रावाटे मीठ व पाणी अधिक जातें, त्यानें घेरी येते. आणि जोराच्या धांवण्यास साखरेचें झटपट जळणारें इंधन लागतें, चरबी तें तितक्या त्वरेनें पुरवूं शकत नाहीं. सावकाश चालण्यास मात्र चरबीचें इंधन पुरून उरतें. म्हणून, "धांवूं नका, चाला," असा निकाल झाला.

दुसऱ्या पंधरवड्यापासून पुतण्या आमच्याबरोबर फिरावयास येऊं लागला. फेरी साडेचार किलोमीटरांची, म्हणजे जवळजवळ दीड कोसाची. आम्हीं आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें, तेव्हां हाही हिशेब मांडून पाहिला. त्याच्या वजनाच्या माणसास एवढ्या चालीनें, बसून राहण्यापेक्षां सुमारें २०० कॅलरी अधिक लागतात. एक किलो चरबींत सुमारें ७७०० कॅलरी. म्हणजे महिनाभर एकही दिवस न चुकतां चाललें, तरी जेमतेम पाऊण किलो! आणि एक मोठा बेसनाचा लाडू एका दिवसाची फेरी सहज गिळून टाकतो. तात्पर्य, वजन उतरविण्याचें मुख्य काम आहार करतो; हलक्या व्यायामाची भर थोडी.

मग चालावें कशाला? आमच्या मतें खरा लाभ काट्यावर दिसतच नाहीं. जेवणानंतर थोडें चाललें तर रक्तांतील साखर कमी चढते. खाणें कमी केल्यावर चरबीबरोबर मांसही झिजतें. तें राखण्यास पुरेशीं प्रथिनें व स्नायूंस कांहीं ताण हवा. त्यासाठीं चालण्यास बैठकांची किंवा सूर्यनमस्कारांची जोड द्यावी. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांत नमस्कारांचा परिपाठ घातला होता, तो उगाच नव्हे. आणि सर्वांत मोठा लाभ हा, कीं आहार सुटला तरी चालणें सुटत नाहीं. उतरलेलें वजन पुन्हां चढूं न देण्यांत नित्याच्या हालचालीचा वांटा मोठा असतो.

आपल्या आचार्यांनींही हेंच तारतम्य सांगितलें आहे. स्थूलानें व्यायाम क्रमाक्रमानें वाढवावा असें चरक सांगतो. व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सुश्रुत सांगतो, आणि कपाळीं व कांखेंत घाम आला, तोंडास कोरड पडली, कीं थांबावें, अशी खूण आयुर्वेदांत सांगितली आहे. आपल्या महाराष्ट्रांत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं जी पद्धति घरोघर पोंचविली, तिचें सूत्रही असेंच सुटसुटीत आहे: दिवसांतून दोनदांच, प्रत्येक वेळीं ५५ मिनिटांच्या आंत जेवावें, मध्यें खाऊं नये, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. तो कीटो-आहार नव्हे. त्यांत भाकरीला बंदी नाहीं. परंतु वारंवार खाण्यानें इन्शुलिन वारंवार वाढतें, तें टाळावें, हा विचार दोहोंच्या मुळाशीं आहे.

आतां टिपणाचा शेवट. पुतण्यानें कडक कीटो-आहार चार महिने पाळला. वजन ८२ किलोंवर आलें. पुढें तो कंटाळला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें दोन वेळच्या जेवणावर आला. प्रत्येक वेळीं एक भाकरी. वर्षअखेर कांटा ८३ दाखवितो, व साखर उंबरठ्याच्या अलीकडे आहे. एका माणसावरून सिद्धांत मांडूं नये, हें आम्ही जाणतों. २०१८ सालीं अमेरिकेंत ६०९ माणसांवर वर्षभर केलेल्या प्रयोगांत कमी पिष्टाचा व कमी चरबीचा, अशा दोन्ही आहारांनीं वजन जवळजवळ सारखेंच उतरलें. म्हणजे जो आहार निभेल तोच खरा.

मात्र एक इशारा अवश्य देतों. ज्यांस इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बळ आहेत, किंवा ज्या स्त्रिया गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या आहेत, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून कीटो-आहाराच्या वाटेस जाऊं नये. कांहीं औषधांबरोबर तो जिवावरही बेततो.

हल्लीं संध्याकाळच्या फेरीस वहिनीही येतात. गुडघे दुखतात म्हणून त्या मारुतीच्या देवळापाशीं थांबतात, आणि आम्ही परत येईपर्यंत पारावर बसतात. घरीं आल्यावर पुतण्याच्या ताटांत त्या स्वतः भाकरी वाढतात. एकच, पण वाढतात.