एक्सप्लेनर : 'राजे' खासदार, 'फोनवाले' खासदार... प्रतिमा लक्षात राहते, काम कसं तपासायचं?

ढोकी (धाराशिव) : धाराशिवचे खासदार ओमराजे निंबाळकर यांच्याबद्दल विचारलं तर पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : 'ते स्वतः फोन उचलतात.' मोबाईलवर त्यांच्या अशा कॉलचे व्हिडिओही भरपूर फिरतात. 2024 मध्ये ते 3 लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. पण फोन उचलणं ही शैली की काम? पडद्यावरून राजकारणात आलेल्या कलाकारांकडे पाहिलं की हा प्रश्न जास्त नीट कळतो.

भूमिका मतं कशी देते?

डॉ. अमोल कोल्हे 2008 मध्ये 'राजा शिवछत्रपती' मालिकेतून घराघरांत पोहोचले. नंतर 'स्वराज्यरक्षक संभाजी'. 2019 ला ते शिरूरमधून उभे राहिले, तेव्हा ही मालिका सुरूच होती. समोर सलग 3 वेळा खासदार झालेले शिवाजीराव आढळराव पाटील होते. कोल्हे जिंकले. उमेदवाराची ओळख करून द्यायला जो खर्च आणि वेळ लागतो, तो मालिकेनं आधीच वाचवला होता.

तीच भूमिका अडचणीत कशी आणते?

जानेवारी 2022 मध्ये त्यांचा जुना चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी नथुराम गोडसे साकारला होता. चित्रीकरण 2017 चं, म्हणजे खासदार होण्याआधीचं. तरी टीका झाली, स्वपक्षातूनही झाली. शरद पवारांनी कलाकार म्हणून त्यांची पाठराखण केली. गोडसे ही 'फक्त भूमिका' असेल, तर संभाजी महाराजही भूमिकाच होते. प्रेक्षक एक खरी मानून मत देतो आणि दुसरी खरी मानून चिडतो. चूक दोन्हीकडे एकच.

उलट उदाहरण आहे का?

आहे. निळू फुले. 'सामना'तला त्यांचा हिंदूराव हा साखर कारखान्याच्या जोरावर सत्ता गाजवणारा पुढारी. अशा भूमिकांमुळे खेड्यापाड्यांत बायका त्यांना खरोखरचा खलनायक समजत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले कार्यकर्ते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंसोबत त्यांनी नाटकाचे प्रयोग केले. खलनायकाच्या प्रतिमेमागे माणूस चांगला असू शकतो, तसा नायकाच्या प्रतिमेमागे कामाचा पुरावा असेलच असं नाही.

प्रतिमा किती टिकते?

'महाभारत'मधले श्रीकृष्ण नितीश भारद्वाज 1996 मध्ये थेट जमशेदपूरमधून खासदार झाले. 1999 मध्ये मध्य प्रदेशातल्या राजगढमध्ये मात्र हरले. कोल्हे 2024 मध्ये पुन्हा जिंकले, तेव्हा त्यांची मालिका संपून 4 वर्षं झाली होती. पहिली निवडणूक भूमिका जिंकून देऊ शकते. दुसरीला पक्ष, संघटन आणि कामाचा हिशेब यांचंही वजन पडतं.

मग तपासायचं काय?

• खासदार निधी : वर्षाला 5 कोटी रुपये. आपल्या गावात त्यातलं कोणतं काम मंजूर झालं, किती पूर्ण झालं?

• संसद : हजेरी, प्रश्न आणि भाषणं ऑनलाइन पाहता येतात. फक्त हजेरीवर जाऊ नका, प्रश्न कशावर विचारला ते वाचा.

• प्रतिज्ञापत्र : मालमत्ता, गुन्हे, शिक्षण. निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतं.

• फोन : उचलला की नाही यापेक्षा, तक्रार 15 दिवसांत मार्गी लागली का? त्याच कामासाठी दुसऱ्यांदा फोन करावा लागला का?

ढोकीसाठी हे महत्त्वाचं का?

ढोकीचा तेरणा कारखाना कर्जात अडकून अनेक वर्षं बंद राहिला. पुढे तो भाडेतत्त्वावर देण्याचा वाद कोर्टात गेला. कर्ज, करार, कामगारांची थकीत देणी आणि उसाचं बिल, यातलं काहीही टाळ्यांच्या वाक्यानं सुटत नाही, एका फोननंही नाही. त्यामुळे पुढच्या सभेत 'कारखाना जोरात चालवू' असं कुणी म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा : पैसा कुठून, करार कुणाशी आणि कधीपर्यंत? उत्तर ऐकताना आवाजाकडे नाही, आकड्याकडे लक्ष ठेवा.