ऐंशी टक्के म्हणजे हमी नव्हे

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने 2001 मध्ये चाहत्यांसाठी एक स्पर्धा सुरू केली. रोज एक फलंदाज निवडायचा. त्या दिवशी त्याने निदान एक हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून क्षेत्ररक्षकाच्या चुकीचा आधार न घेता बेस गाठला, तर तुमची साखळी एकाने वाढते; नाहीतर पुन्हा शून्य. जो डिमॅजिओने 1941 मध्ये सलग 56 सामन्यांत हिट मारली होती. त्याच्या पुढे एक पाऊल टाकून सलग 57 निवडी बरोबर आणणाऱ्याला बक्षीस 56 लाख डॉलरचे. संख्याशास्त्र जाणणाऱ्या अनेकांनी यासाठी मॉडेल बांधली. पहिली दोन दशके उलटून गेली तरी मुख्य बक्षीस कुणाच्या हाती लागले नव्हते, आणि त्यावरून एक निष्कर्ष सतत ऐकू येतो: मॉडेलना काही कळत नाही, बेसबॉल आकड्यांत मावत नाही. दुसरा भाग चर्चेचा विषय होऊ शकेल. पहिला साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचे शाळेतल्या गुणाकाराने दाखवता येते.

ज्याचे बॅटिंग ॲव्हरेज 0.300 आहे असा चांगला फलंदाज घ्या. दहा संधींत तीन हिट. सामन्यात त्याला चार संधी मिळाल्या तर चारही वाया जाण्याची शक्यता 0.7 चा चौथा घात, म्हणजे 24 टक्के. निदान एक हिट मिळण्याची शक्यता 76 टक्के उरते. असा फलंदाज रोज निवडला तर 57 दिवस सलग यश मिळण्याची शक्यता साधारण 62 लाखांत एक येते. आता समजा, एखाद्या मॉडेलने पिचर (चेंडू टाकणारा), मैदान, फलंदाजीचा क्रम, डावखुरा-उजवा अशी सगळी माहिती पचवून रोज 80 टक्क्यांचा फलंदाज शोधून दिला. शक्यता होते सुमारे 3 लाख 34 हजारांत एक. दिसायला चारच टक्क्यांचा फरक, पण साखळीच्या शेवटी तो अठरापटीहून मोठा झाला आहे. तरीही हे मॉडेल वापरणारा जवळजवळ नक्कीच हरणार. म्हणजे बक्षीस न मिळणे हा मॉडेलचा पराभव नाही; मॉडेल स्वतःच ते आधी सांगत असते. इचिरो सुझुकीने 2004 मध्ये 161 सामन्यांत 262 हिट मारल्या. एका हंगामातला हा विक्रम आहे. त्याच्या त्या वर्षीच्या सरासरीने हिशेब केला तर कोणत्याही एका सामन्यात हिट मिळण्याची शक्यता 87 टक्क्यांच्या आसपास भरते. रोज तशा भरातला फलंदाज हाताशी असता, तरी 57 ची साखळी पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 2,800 त एक. खेळातल्या सर्वोत्तम हंगामाला जे जमत नाही, ते मॉडेलने करून दाखवावे ही मागणीच अवाजवी आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. हिट मिळाली तर मॉडेल बरोबर, नाही मिळाली तर ‘उरलेल्या 20 टक्क्यांत होते’, मग हे मॉडेल चुकीचे ठरणार तरी कधी? उत्तर आहे: एका दिवसावरून कधीच नाही, शेकडो दिवसांवरून नक्की. ज्या ज्या दिवशी मॉडेलने 80 टक्के म्हटले ते सगळे दिवस वेगळे काढा. त्यांपैकी साधारण 80 टक्के दिवशी हिट मिळाली पाहिजे. 65 टक्केच मिळाली तर मॉडेल फाजील आत्मविश्वासाचे. 95 टक्के मिळाली तर तेही चुकलेच, कारण त्याने कमी सांगितले. हवामानाचे अंदाज अशाच पद्धतीने तपासतात. त्यासाठीचे एक गणिती माप ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने 1950 मध्ये मांडले आणि आजही ते वापरात आहे. मात्र ही तपासणी धीराची आहे. 162 अंदाजांच्या एका हंगामात निव्वळ योगायोगानेच यशाचे प्रमाण तीनेक टक्के वरखाली होते, त्यामुळे 76 आणि 80 टक्क्यांतला फरक एका माणसाच्या एका हंगामातून नीट ओळखूसुद्धा येत नाही. मग मंगळवारी एक निवड चुकली म्हणून बुधवारी मॉडेल केराच्या टोपलीत टाकणाऱ्यांनी नेमके काय तपासले?

दुसरा हट्टी समज फॉर्मचा. गेल्या दोन आठवड्यांत जो तळपतो आहे तोच निवडा, आकडेमोड कशाला? ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी 1977 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये याचे उत्तम उदाहरण दिले. 1970 च्या हंगामातले 18 फलंदाज आणि प्रत्येकाच्या पहिल्या 45 संधी त्यांनी घेतल्या. रोबेर्तो क्लेमेंटे 0.400 वर होता. प्रत्येकाचा आकडा या अठरा जणांच्या 0.265 या सरासरीकडे ओढून घेतला, तेव्हा क्लेमेंटेचा अंदाज 0.294 आला. उरलेल्या हंगामात त्याने 0.346 ने फलंदाजी केली. एकट्या क्लेमेंटेपुरते पाहिले तर दोन्ही अंदाज जवळपास सारखेच चुकले. पण अठराही जणांच्या चुकांचे वर्ग करून बेरीज केली, तेव्हा सरासरीकडे ओढलेल्या अंदाजांची एकूण चूक सुमारे साडेतीन पटींनी कमी निघाली. फॉर्म ही निव्वळ कल्पना आहे असे यातून सिद्ध होत नाही. ग्रीन आणि झ्विबेल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेसबॉलमध्ये अलीकडच्या कामगिरीला खरोखर अर्थ असल्याचे पुरावे मांडले आहेत. चूक होते ती त्या अर्थाला किती वजन द्यायचे यात. चांगले मॉडेल ताज्या 45 संधींना शेकडो जुन्या संधींशेजारी बसवून तोलते. घाईत असलेला चाहता फक्त ताज्या पाहतो.

बाकीचे समज लवकर निपटतात. ‘सर्वाधिक ॲव्हरेजवाला निवडा’: टेड विल्यम्सने 1941 मध्ये 0.406 ची सरासरी राखली, पण पिचर त्याला खेळण्याजोगा चेंडू देत नसत. 140 हून अधिक वेळा तो चार खराब चेंडूंवर नुसता चालत पहिल्या बेसवर गेला, आणि त्याला हिट म्हणत नाहीत. म्हणून सामन्यागणिक हिट मिळण्याची त्याची शक्यता 81 टक्क्यांच्या आसपासच भरते, कमी ॲव्हरेज असलेल्या 2004 च्या इचिरोहून कमी. ‘घरच्या मैदानावरचा फलंदाज बरा’: यजमान आघाडीवर असतील तर नवव्या डावात ते फलंदाजीला उतरतच नाहीत, त्यामुळे संधी मोजल्या तर पाहुण्यांचे पारडे जड. ‘याच पिचरविरुद्ध त्याने 10 संधींत 5 हिट मारल्या आहेत’: दहा संधी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ‘तीन दिवस कोरडे गेले, आज मिळणारच’: कालच्या अपयशाचे आजच्या दिवसावर कसलेही देणे नसते.

तेव्हा कुणी मॉडेल फसले म्हणून सांगू लागला, तर त्याच्याकडे दोन आकडे मागा: असे किती अंदाज तपासले, आणि त्यांत मॉडेलने किती टक्के सांगितले होते. कुणी आपले मॉडेल अचूक आहे म्हणून विकू लागला, तर त्याच्याकडेही तेच दोन आकडे मागा.