प्रत्येक थरथर म्हणजे कंपवात नव्हे

मागे एक आजी रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात आल्या. वय बहात्तर. सहा महिन्यांत चाल मंदावलेली, चेहरा निर्विकार, दोन्ही हात थरथरणारे. घरचे म्हणत, ‘वय झालं’. शेजाऱ्यांनी तर ‘पार्किन्सन’ असं निदानही करून टाकलं होतं!

जेम्स पार्किन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळत नाही. त्यासाठी रुग्णाला नीट बघावं लागतं.

हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, की चहाचा कप उचलताना? पहिला प्रकार कंपवाताकडे बोट दाखवतो. दुसरा बहुधा वेगळा कंप असतो आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. कंपवात सहसा एका बाजूने सुरू होतो, अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो. थायरॉईड वाढल्यानेही हात कापतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसरभोळेपणा ही तिन्ही एकत्र असतील, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी. त्यावर शस्त्रक्रियेने उपाय होऊ शकतो.

आजींना म्हटलं, “घरातल्या सगळ्या गोळ्या आणा बघू.” सुनेने पिशवी ओतली. चक्करेसाठी सिनारिझिन, गॅससाठी लेव्होसल्पिराइड, दोन्ही कित्येक महिने चालू! ही दोन्ही औषधं डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. ती बंद केली. तीन महिन्यांनी आजी पुन्हा घावनं घालू लागल्या. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही. काहींच्यात औषधाआड खरा कंपवात दडलेला असतो. म्हणून पुढेही तपासत राहावं लागतं.

आपल्या कोकणात कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतं. कंपवातावरचं मुख्य औषधही तेच. पण बियांच्या पुडीत त्याचं प्रमाण किती, हे घरी मोजता येत नाही. तेव्हा स्वतःच्या मनाने ती घेऊ नका आणि चालू गोळ्याही मनानेच बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना मात्र औषधांची पिशवी बरोबर न्या. कधीकधी निदान त्या पिशवीतच असतं.