राख उपसताना पाण्याचे काय?

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, एमरी व क्लिंच या नद्यांच्या संगमाजवळ, किंग्स्टन येथे एक मोठे औष्णिक वीज केंद्र १९५५ मध्ये पूर्ण झाले. ते उभारणाऱ्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे नाव आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. १९४८ साली स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ याच संस्थेच्या धर्तीवर आकारास आले. किंग्स्टन केंद्रातील राख पाण्यात कालवून नळांवाटे नदीकाठच्या तळ्यात सोडली जाई. राख खाली बसे, वरचे पाणी निवळून पुढे जाई आणि तळ्याचा बांध वर्षानुवर्षे उंच होत राही. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर हा बांध फुटला. सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख ३०० एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरली. काही घरांचे नुकसान झाले. एमरी नदीचे पात्र राखेने भरून गेले. सुदैवाने त्या रात्री प्राणहानी झाली नाही.

बांध का फुटला, याची कारणे पुढे चौकशीत स्पष्ट झाली. राखेच्या ढिगाच्या तळाशी पाण्याने फुगलेल्या अतिबारीक राखेचा निसरडा थर होता आणि त्यावर भार वाढत गेला होता. प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. राख उचलायची ठरली, तेव्हा जी अडचण प्रथम पुढे आली ती राखेची नव्हती, पाण्याची होती.

नदीच्या तळाशी बसलेली राख फावड्याने काढता येत नाही. त्यासाठी मार्च २००९ मध्ये गाळ शोषून घेणारी ड्रेजर यंत्रे नदीत उतरविण्यात आली. ही यंत्रे राखेबरोबर नदीचे पाणीही ओढतात आणि नळातून जो राखेचा रबडा येतो त्यात पाण्याचाच भाग अधिक असतो. म्हणजे राखेच्या प्रत्येक घनमीटरमागे त्याहून कितीतरी अधिक गढूळ पाणी काठावर येऊन पडते. ते तसेच नदीत परत सोडले तर एका हाताने काढलेले दुसऱ्या हाताने टाकल्यासारखे होते.

किंग्स्टन येथे हा रबडा प्रथम काठावरील लांब चरांमध्ये घेण्यात आला. चरात प्रवाह मंदावतो आणि जड कण तळाशी बसतात. लांब हाताच्या पोकलेन यंत्रांनी ती राख सतत उपसून मोकळ्या जागेवर पसरली जाई व उलथीपालथी करून वाळविली जाई. चरातून पुढे गेलेले पाणी राखतळ्यात, तेथून निवळणीच्या तळ्यात आणि शेवटी परवान्यात नेमून दिलेल्या मुखातूनच बाहेर पडे. त्या मुखापाशी पाण्याचे नमुने घेतले जात. राखेतील काही कण आतून पोकळ असतात व ते बुडतच नाहीत. पाण्यावर सायीसारखे तरंगणारे हे कण अडविण्यासाठी तरंगते अडसर टाकावे लागले. राख खालच्या अंगास वाहू नये म्हणून पात्रात पाण्याखाली दगडांचा बंधाराही घालण्यात आला.

या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ड्रेजरची शक्ती कितीही असो, निवळणीची तळी जेवढे पाणी निवळू शकतील तेवढ्याच वेगाने उपसा करावा लागतो. पाण्याला तळ्यात विसावण्यास वेळ मिळाला नाही तर बारीक राख त्याच्याबरोबर बाहेर पडते. राख हलविण्याच्या कंत्राटांत रोज किती घनमीटर राख उचलली याचा हिशेब चोख असतो. पाण्याचा हिशेबही तितकाच चोख असावा लागतो, हे मात्र पुष्कळदा मागाहून सुचते.

न दिसणारे घटक

निवळलेले पाणी दिसावयास स्वच्छ असते. परंतु कोळशात मुळात असलेले आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन यांसारखे घटक जळणानंतर राखेत एकवटतात आणि त्यांचा काही अंश पाण्यात विरघळतो. विरघळलेला पदार्थ कितीही वेळ थांबले तरी तळाशी बसत नाही. चहाची पूड पाण्यात जितका वेळ राहील तितका अर्क अधिक उतरतो, तसाच प्रकार येथे घडतो. त्यामुळे तळ्याच्या पृष्ठभागावरचे पाणी आणि राखेच्या कणांच्या फटींत वर्षानुवर्षे अडकलेले पाणी यांत फार फरक असतो. तळे रिकामे करताना आधी वरचे पाणी जाते, त्याची तपासणी समाधानकारक येते आणि सर्वांची खात्री पटते. खरी कसोटी त्यानंतर, फटींतले पाणी येऊ लागल्यावर असते.

अशा पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते. प्रथम सामू योग्य पातळीवर आणतात. लोहाचा क्षार घातला असता त्याचा साका तयार होतो व आर्सेनिक त्याला चिकटून खाली बसते. मात्र हवेअभावी खोल थरात आर्सेनिक ज्या रूपात असते ते सहजी चिकटत नाही, म्हणून त्याचे आधी ऑक्सिडीकरण करतात. सेलेनियम याहून हट्टी असून त्याच्या एका रूपासाठी जिवाणूंचे वा सूक्ष्म पडद्यांचे साहाय्य घ्यावे लागते. प्रक्रिया झालेले पाणी टाक्यांत रोखून तपासावे आणि तपासणीत न उतरल्यास पुन्हा आरंभी न्यावे, ही पद्धत खर्चाची असली तरी खात्रीची आहे.

एमरी नदीतून सुमारे २७ लाख घनमीटर राख काढण्यात आली व ती रेल्वेने शेकडो किलोमीटरवरील अलाबामा राज्यातील भरावक्षेत्रात गेली. सुमारे ४ लाख घनमीटर राख नदीतच राहू देण्यात आली. कारण विलक्षण होते. खालच्या पात्रातील गाळात ओक रिज येथील अणुप्रकल्पातून पूर्वी आलेले किरणोत्सारी सीझियम होते. ती राख उपसण्याने हा जुना गाळ ढवळला गेला असता. म्हणून ती न हलविता तिच्यावर दीर्घकाळ देखरेख ठेवण्याचा निर्णय २०१२ मध्ये झाला.

व्हर्जिनिया राज्यातील पोझम पॉइंट येथील प्रसंग स्थानिक संस्थांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील वीज केंद्राची जुनी राखतळी रिकामी करून पाणी लगतच्या खाडीत सोडण्यास जानेवारी २०१६ मध्ये राज्याच्या जलमंडळाने परवाना दिला. प्रिन्स विल्यम परगण्याच्या स्थानिक शासनाने त्यास हरकत घेतली. पुढे समझोता होऊन परवान्यात होती त्याहून कडक प्रक्रिया करण्याचे कंपनीने मान्य केले.

आपल्याकडील संदर्भ

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत आणि कोलार नदीवाटे कन्हानकडे गेले. नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक भाग कन्हानवर अवलंबून आहे. केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने जुन्या तळ्यांत साठलेल्या राखेचाही मुदतीत विनियोग करण्याचे बंधन वीज केंद्रांवर घातले आहे. साहजिकच, न फुटलेली तळीही उपसावी लागणार आहेत. उघड्या पडलेल्या एक हेक्टर राखेवर १ मीटर पाऊस पडला तर १ कोटी लिटर पाणी होते, आणि विदर्भाच्या पूर्व भागात एवढा पाऊस सामान्य वर्षीही पडतो.

राखतळ्याच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांत दिलेल्या खास मानकांमध्ये सामू, निलंबित घनपदार्थ (लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत) आणि तेल व ग्रीस यांचा समावेश आहे. धातूंचा त्यात उल्लेख नाही. उलट पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. म्हणून ज्या गावाच्या शिवाराला राखतळे लागून आहे, तेथील ग्रामपंचायतीने उपसा सुरू होण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारणे इष्ट ठरेल. पाणी कोणत्या नाल्यात जाणार, निवळणीच्या तळ्याची क्षमता किती, पावसाळ्यात काम चालणार काय, धातूंची तपासणी कोण व किती दिवसांनी करणार? गावातील विहिरींचे नमुने मात्र पोकलेन तळ्यात उतरण्याआधीच घेऊन अधिकृत प्रयोगशाळेकडे पाठवावेत. नंतर घेतलेल्या नमुन्यावरून पाणी पूर्वी कसे होते हे कोणालाच सांगता येत नाही.