नव्या स्क्रीनवर डोळे दुखतात? कारण 'डिदरिंग' असू शकतं!

जून उजाडला की देगलूरसारख्या तालुक्याच्या गावात ई-सेवा केंद्रांवर दाखल्यांसाठी रांगा लागतात. ऑपरेटर सकाळपासून रात्रीपर्यंत स्क्रीनसमोर. डोळे चुरचुरले, डोकं जड झालं तरी काम थांबवता येत नाही. पण जुन्या कॉम्प्युटरवर त्रास नव्हता आणि नव्यावर सुरू झाला, असं तुमच्याही बाबतीत घडलंय का?

डिदरिंग म्हणजे काय?

स्वस्तातले अनेक स्क्रीन '६ बिट'चे असतात. ते लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी ६४ छटाच दाखवू शकतात. '८ बिट'च्या स्क्रीनवर त्या २५६ असतात. मग मधली छटा कशी दाखवायची? पिक्सेल दोन जवळच्या छटांमध्ये भराभर बदलत राहतो आणि आपल्याला त्यांची सरासरी दिसते. पंखा जोरात फिरताना पाती न दिसता चकती दिसते, तसंच. स्क्रीन स्थिर वाटतो, पण आत हालचाल चालूच असते.

काहींना याचा त्रास होतो, असा त्यांचा अनुभव आहे. मात्र डिदरिंगमुळेच डोळे दुखतात, हे वैद्यकीयदृष्ट्या पक्कं सिद्ध झालेलं नाही.

बंद कसं करायचं?

• विंडोज आणि इंटेल ग्राफिक्स: 'डिदरिग' हे मोफत टूल वापरतात.
• ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक: 'स्टिलकलर' हे मोफत ॲप.
• लिनक्स आणि एनव्हिडिया: एनव्हिडियाच्या सेटिंग्जमध्येच डिदरिंगचा पर्याय असतो.

यातली पहिली दोन टूल्स कंपन्यांची अधिकृत नाहीत, म्हणून आधी फाइल्सचा बॅकअप घ्या. डिदरिंग बंद केल्यावर आकाशाच्या फोटोत रंगांचे पट्टे दिसू शकतात, तो बिघाड नव्हे. आणि स्क्रीनचं पॅनेल स्वतःच डिदरिंग करत असेल, तर ते कॉम्प्युटरमधून बंद होत नाही. अशा वेळी दुसरा मॉनिटर जोडून पाहा.

आधी हे करा

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. अक्षरं मोठी करा, पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नका. चष्म्याचा नंबर तपासून घ्या. एवढं करूनही त्रास त्याच एका स्क्रीनवर होत असेल, तर डिदरिंग बंद करून आठवडाभर फरक बघा.

नजर अंधुक झाली किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर सेटिंग्ज शोधत बसू नका. थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.