घाटकोपरचे नर्सिंग होम : डॉक्टरच्या स्वतंत्र व्यवसायाची घडण

एका किंवा दोन डॉक्टरांच्या मालकीचे, त्यांच्याच नावलौकिकावर चालणारे, पाचपासून वीस-पंचवीस खाटांपर्यंतचे रुग्णालय म्हणजे मुंबईच्या उपनगरांतले नर्सिंग होम. घाटकोपर पूर्वेला पंतनगर, गारोडिया नगर आणि स्टेशनलगतच्या गल्ल्यांत, तर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याला फुटलेल्या रस्त्यांवर अशी रुग्णालये रहिवासी इमारतींच्या खालच्या मजल्यांवर दिसतात. पुढे केमिस्टचे दुकान, आत बाकांची ओळ, काउंटर, तपासणीची खोली. त्यामागे किंवा वरच्या मजल्यावर वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, अशी सर्वसाधारण मांडणी असते. एका बाजूला राजावाडीचे महापालिका रुग्णालय, दुसऱ्या बाजूला मोठी कॉर्पोरेट रुग्णालये आणि मधे हे नर्सिंग होम, अशी इथल्या वैद्यकसेवेची उतरंड आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजपासून सुरू झाले. तिथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड यांनी सरकारी नोकरीऐवजी शहरात स्वतःचा व्यवसाय थाटला आणि नाव कमावले. १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्टने डॉक्टरांची नोंदवही आली, आणि नोंदणीकृत डॉक्टर व इतर वैदू यांच्यात कायद्याने रेघ ओढली गेली.

पुढच्या काळात खासगी व्यवसायाला आकार दिला तो ‘ऑनररी’ पद्धतीने. परळच्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयांत नामवंत तज्ज्ञ नाममात्र मानधनावर सकाळी काम करत आणि संध्याकाळी आपल्या कन्सल्टिंग रूममध्ये बसत. मोठ्या रुग्णालयातला हुद्दा हीच त्यांची जाहिरात होती. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत सरकली, घाटकोपर शहरात आले आणि वस्ती वाढत गेली. तरी तज्ज्ञाकडे जायचे तर गाडी पकडून दादर किंवा गिरगाव गाठावे लागे. एमडी, एमएस झालेल्या पुढच्या पिढीने उपनगरातच बस्तान बसवले तेव्हा ही गरज जागेवर भागू लागली.

दवाखान्यापासून थिएटरपर्यंत

व्यवसायाचा सर्वांत लहान घटक म्हणजे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. असल्फा, भटवाडी, चिराग नगर, रमाबाई नगर या वस्त्यांत तो दहा बाय पंधराच्या गाळ्यातही चालतो. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ ही त्याची रूढ वेळ. तपासणी झाली की डॉक्टर केसपेपरवर खुणा करतो. कंपाउंडर खिडकीआडून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या कागदी पुड्यांत बांधून देतो आणि पुडीवर सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा मारतो. फी तपासणी आणि औषध मिळून एकच. डॉक्टरने आपल्याच रुग्णाला औषध द्यावे, दुकान मांडू नये, या अटीवर औषध नियमांच्या परिशिष्ट ‘के’ मध्ये याला परवान्यातून सूट आहे. नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेचे मोफत ‘आपला दवाखाना’ सुरू झाले आणि वस्तीतल्या या व्यवसायाला नवा स्पर्धक आला.

तज्ज्ञाची वाट वेगळी असते. शिक्षण संपल्यावर तो बहुधा आधी ‘अ‍ॅटॅचमेंट’ घेतो, म्हणजे दुसऱ्याच्या नर्सिंग होममध्ये आपले रुग्ण दाखल करून शस्त्रक्रिया करतो. सर्जनची फी त्याची, खाट आणि थिएटरचा आकार मालकाचा. भूलतज्ज्ञ तर अनेकदा आपली बॅग घेऊन एका दिवसात तीन-चार ठिकाणी फिरतो. यात भांडवल लागत नाही, पण थिएटरच्या यादीत वेळ कोणती मिळेल हे मालकाच्या हाती असते. दुसरी पायरी पॉलिक्लिनिकची : एकच खोली सोमवारी हाडांच्या, मंगळवारी त्वचेच्या डॉक्टरची, भाडे तासावर. रुग्णांचा ओघ स्थिर झाला, कर्जाचा हप्ता झेपेल असे वाटले, की स्वतःच्या खाटांचा विचार होतो.

जागा

या धंद्यातली सर्वांत मोठी गुंतवणूक उपकरणांत नसून जागेत होते. स्टेशनपासून चालत जाता यावे, स्ट्रेचर आत वळावे, रुग्णवाहिका दारात उभी राहावी, पावसात पाणी शिरू नये, एवढ्या अटी पुऱ्या करणारे गाळे थोडे. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि साकीनाका, अंधेरीकडचा रुग्णही टप्प्यात आला. स्टेशनजवळच्या जागेचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

सोसायटीची ना हरकत, वापर बदलाची परवानगी आणि इमारतीचे आरोग्य या बाबी कागदापुरत्या नाहीत. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेतली सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तिच्या तळमजल्यावरच्या बंद नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या एका मॉलमधील रुग्णालयाच्या आगीनंतर अग्निशमन तपासण्याही कडक झाल्या. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

परवाने आणि नोंदी

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो. त्यामुळे खाटा नसलेला दवाखाना या नोंदणीच्या बाहेर राहतो, तर खाट टाकताच महापालिकेकडे नोंदणी आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण बंधनकारक होते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. सोनोग्राफी यंत्र आणायचे तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा ‘एफ’ फॉर्म. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. डॉक्टरची स्वतःची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तीही दर पाच वर्षांनी नव्याने.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रोजच्या कामात सर्वाधिक जाणवतात. रक्ताळलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. पिशवीवर बारकोड लागतो आणि ४८ तासांच्या आत ती सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत जावी लागते. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. शिफ्टगणिक हे वर्गीकरण पाहणारी अनुभवी सिस्टर म्हणूनच मालकाला लाखमोलाची असते.

हिशेब

दहा खाटांच्या रुग्णालयात महिन्याला तीनशे खाट-दिवस असतात. त्यांतले दीडशे भरले काय किंवा अडीचशे, भाडे किंवा हप्ता, नर्स, मावशी, वॉर्डबॉय, रात्रपाळीचा निवासी डॉक्टर (आरएमओ), वीज आणि लिफ्टची देखभाल हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. फायदा-तोटा शेवटच्या काही खाटांवर ठरतो. मागणीही ऋतूंवर हलते : पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने वॉर्ड भरतात, पितृपक्षात ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात. प्रसूतिगृहाचे गणित त्यातल्या त्यात स्थिर, पण तिथे मालकाची रात्र त्याची नसते.

विम्याने या हिशेबात तिसरा पक्ष आणला. कॅशलेसमध्ये दर रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात आधी ठरतात, मंजुरी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून (टीपीए) येते, पैसे नंतर मिळतात. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक विमा कंपन्यांनी कॅशलेस ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांपुरते मर्यादित केले, तेव्हा मोठ्या-लहान सगळ्यांनाच या वाटाघाटीचा चटका बसला. लहान रुग्णालयाला दर पाडून घ्यावे लागतात आणि थकबाकी सोसावी लागते. नाकारले, तर विमाधारक रुग्ण शेजारी जातो.

ओळख, चिठ्ठी आणि कट

इतर उद्योजकाची दोन हत्यारे डॉक्टरला वापरता येत नाहीत : जाहिरात आणि दलाली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार व्यवसाय सुरू करणे, पत्ता बदलणे, रजेवर जाणे वा परतणे अशा मोजक्या प्रसंगीच वर्तमानपत्रात निवेदन देता येते. केमिस्टच्या दुकानावर आपली पाटी लावणेही अनुचित ठरते. मग रुग्ण येतो तो आधीच्या रुग्णाच्या तोंडी शिफारशीने किंवा फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीने.

चिठ्ठीवर धंदा अवलंबून असल्यानेच ‘कट’ची वाट तयार झाली : पाठवलेल्या रुग्णामागे तज्ज्ञाने, लॅबने किंवा स्कॅन सेंटरने दिलेला वाटा. संहितेने तो निषिद्ध आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये स्कॅन सेंटरकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा या प्रथेची जाहीर चर्चा झाली. २०१७ मध्ये राज्य सरकारने कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार करायला समिती नेमली. नव्याने बसणाऱ्या डॉक्टरसाठी हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. कट न देता रुग्ण मिळवायचे तर पाठवणाऱ्या डॉक्टरला निदानाचे पत्र लिहिणे, रुग्ण त्याच्याकडे परत धाडणे, अडल्या वेळी फोन उचलणे, याच मार्गाने वर्षानुवर्षे जम बसवावा लागतो.

जबाबदारी

१९८९ च्या परमानंद कटारा निकालाने अत्यवस्थ रुग्णाला उपचार देणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. त्यामुळे डिपॉझिट आधी मागण्याला मर्यादा आली. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने फी घेऊन दिलेली वैद्यकसेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून संमतिपत्र, केसपेपर आणि व्यावसायिक विमा हे व्यवसायाचे अविभाज्य खर्च झाले. दाखल रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. रुग्ण दगावल्यावर होणाऱ्या तोडफोडीविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे.

पुढची पिढी

हा व्यवसाय हस्तांतरित होताना त्याचे स्वरूप स्पष्ट होते. गाळा, खाटा आणि यंत्रे विकता येतात. नोंदणी नव्या मालकाला आपल्या नावे घ्यावी लागते. रुग्ण मात्र आपोआप वर्ग होत नाहीत. मुलगा किंवा सून डॉक्टर असेल तर काही वर्षे दोघे शेजारी बसून ओपीडी चालवतात. नसेल तर तीन-चार तज्ज्ञ भागीदारीत येतात, एखादी मोठी साखळी जागा चालवायला घेते किंवा इमारत पुनर्विकासाला गेल्यावर नर्सिंग होम बंद होऊन मालक कन्सल्टिंग रूमपुरता उरतो. वाढत्या परवाना-खर्चामुळे एकट्याच्या रुग्णालयापेक्षा भागीदारीतले पंचवीस-तीस खाटांचे रुग्णालय, आणि त्याहून लहान आवाका असेल तर एक दिवसात घरी सोडणारे डे-केअर केंद्र, हे दोन पर्याय नव्या डॉक्टरांना अधिक परवडणारे ठरत आहेत.