अल्कोहोल : नाव एक, पदार्थ अनेक

रुग्णालयाच्या जमाखर्चात स्पिरिटच्या खरेदीची नोंद दरवर्षी असते, आणि त्याच रुग्णालयात दारू सोडू इच्छिणाऱ्यांस उपचार व समुपदेशनही दिले जाते. एका हाताने अल्कोहोल विकत घ्यावयाचे व दुसऱ्या हाताने ते सोडवावयाचे, हे कसे, असा प्रश्न हितचिंतकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रुग्णांच्या नातेवाइकांचाही या शब्दाविषयी गोंधळ होतो आणि प्रसंगी तो जिवावर बेततो. म्हणून या एका शब्दाचे निरनिराळे अर्थ येथे थोडक्यात उलगडून सांगत आहोत.

हा शब्द मूळचा अरबी. ‘अल-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचा बारीक सुरमा. पुढे युरोपात कोणत्याही पदार्थाच्या अतिसूक्ष्म चूर्णास, मग अर्कास आणि अखेरीस मद्याच्या अर्कास हे नाव मिळाले. आपल्या ‘दारू’ शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही टिकून आहे. ‘दारूगोळा’ व ‘शोभेची दारू’ यांत मात्र तो स्फोटक पदार्थ होतो.

रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. मद्यातील इथेनॉल, कारखान्यांत लागणारे विषारी मिथेनॉल, जंतुनाशक आयसोप्रोपिल अल्कोहोल हे त्यातील परिचित सदस्य. भेगांना लावावयाचे ग्लिसरीन आणि साखरविरहित गोळ्यांतील सॉर्बिटॉल हीदेखील याच कुळातील. त्वचेच्या मलमावर ‘सेटिल अल्कोहोल’ असे छापलेले असते. तो मेणासारखा पदार्थ असून त्याने नशा येत नाही. त्यामुळे धार्मिक वा वैयक्तिक व्रत पाळणाऱ्यांनी त्या मलमाची शंका बाळगण्याचे कारण नाही.

इथेनॉल आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही अनेक रूपांनी भेटते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या पट्ट्यात, मोहाची फुले आंबवून दारू गाळली जाते. आपल्याकडे पिकणाऱ्या मक्यापासूनही इथेनॉल तयार होते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ मध्ये देशात हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. वैद्यांनी दिलेल्या द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांतही आंबवण्याच्या क्रियेतून थोडे इथेनॉल आपोआप निर्माण होते.

कायद्यालाही हा भेद करावा लागला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील मद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सर्वच द्रव येत होते. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा बराचसा कायदा वैध ठरविला. परंतु अल्कोहोलयुक्त द्रव औषधे व प्रसाधने बाळगण्यावर आणि वापरण्यावर घातलेले निर्बंध अवाजवी ठरवून रद्द केले.

रुग्णालयात सुई टोचण्यापूर्वी त्वचा पुसण्यासाठी साधारणतः ७० टक्के अल्कोहोल वापरतात. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेले अधिक प्रभावी ठरते, कारण जंतूंमधील प्रथिने नष्ट होण्यास पाण्याची जोड लागते. तथापि हे द्रव केवळ बाह्य उपयोगासाठी असतात. काही स्पिरिटांत तर ती कोणी पिऊ नयेत म्हणून मुद्दाम विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या काळात दारू मिळेना म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे काही जण सॅनिटायझर प्यायले व प्राणास मुकले. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर आघात करते. लक्षणे अनेकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. त्यामुळे ‘उतरली की बरे वाटेल’ अशा समजुतीत मोलाचा वेळ जातो. अंधुक दिसणे, तीव्र पोटदुखी, वांत्या, धाप ही चिन्हे दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. यावर उतारा व डायलिसिस असे उपचार आहेत, परंतु ते वेळेत मिळाले तरच दृष्टी आणि प्राण वाचण्याची आशा असते.

दुसरा धोका संकोचाचा. ‘दारू घेता का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला नातेवाईक लोकलज्जेस्तव ‘नाही’ म्हणतात. रोज पिणाऱ्या माणसाची दारू शस्त्रक्रियेसाठी वा अपघातामुळे एकाएकी बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम सुरू होऊ शकतात आणि ते प्राणघातकही ठरू शकतात. आधी ठाऊक असल्यास हे बव्हंशी टाळता येते. तसेच व्यसन सुटावे म्हणून डायसल्फिरामच्या गोळ्या घेणाऱ्यास अल्कोहोलयुक्त खोकल्याचे औषध वा आसवदेखील बाधू शकते. या गोळ्या रुग्णाच्या नकळत जेवणातून देणे तर अत्यंत धोक्याचे आहे.

म्हणून नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे : रुग्ण काय व किती घेतो ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, घरी चालू असलेली सर्व औषधे बाटल्यांसह दाखवावीत, आणि स्पिरिट वा सॅनिटायझर पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. आपण दिलेली माहिती उपचारासाठीच असते; तिच्यावरून रुग्णाची योग्यता ठरविणे हे आमचे काम नव्हे. आणि देणगीदारांच्या साहाय्याने येणारी स्पिरिटची प्रत्येक बाटली जंतूंना रोखण्याच्या कामी येते. त्या अर्थी तीही दवादारूच आहे.